बुडालेलें आरमार आणि घाटावरचीं दप्तरें

घाटावरच्या माणसाचें समुद्राशीं नातें पाहुण्याचें. सातारा-सांगलीकडचीं कुटुंबें दिवाळींत अगर उन्हाळ्याच्या सुटींत कुंभार्लीनें चिपळुणाकडे, नाहींतर गगनबावड्यावरून देवगड-मालवणाकडे उतरतात. चार दिवस वाळूंत काढतात, सुरमई खाणारे सुरमई खातात, न खाणारे उकडीच्या मोदकांवर समाधान मानतात, आणि अंग चिकचिकतें अशी तक्रार करीत घाट चढून परत येतात. आम्हीहि त्यांतलेच. अलीकडे या पाहुणचारांत मात्र एका नव्या पदार्थाची भर पडली आहे. मालवणास सिंधुदुर्गाच्या आसपास व तारकर्लीस, पाठीवर दाबून भरलेल्या हवेचें नळकांडें बांधून आणि तोंडांत श्वासाची नळी धरून, पाण्याखालीं उतरतां येतें. यालाच स्कूबा डायव्हिंग म्हणतात. १९४३ सालीं फ्रान्स देशांत कूस्तो व गान्याँ या दोघांनीं हें श्वासयंत्र सिद्ध केलें. त्यापूर्वीं पाणबुड्याला बहुधा छातींत मावेल तितक्या श्वासावर तरी भागवावें लागे, किंवा धातूचें जड शिरस्त्राण घालून, वरून पंपानें येणाऱ्या हवेवर विसंबून, दोरीला बांधलेल्या बैलासारखें खालीं फिरावें लागे. आतां कॉलेजांतील मुलें सकाळीं चहा पिऊन निघतात, खालीं मासे पाहतात आणि दुपारच्या जेवणास परत येतात.

आमचा एक भाचा सांगलीचा आहे. कृष्णेच्या घाटावर तो पोहायला शिकला आणि २०१९ च्या महापुरांत होडींत बसून घराबाहेर पडला. त्यामुळें पाण्याची ओढ व पाण्याची भीति या दोन्ही त्याच्या ठिकाणीं सारख्याच नांदतात. मालवणास तो खालीं उतरला तेव्हां आम्ही होडींत बसून त्याचे बुडबुडे मोजीत होतों. वर आल्यावर त्यानें प्रथम पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचें व प्रवाळांचें वर्णन केलें, आणि मग डोळे पुशीत विचारलें, "मामा, एवढ्या लढाया इथें झाल्या म्हणतां, तर बुडालेलीं गलबतें कुठें आहेत?"

होडींत बसून उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. म्हणून दुसरे दिवशीं आम्ही त्याला विजयदुर्गास घेऊन गेलों.

विजयदुर्ग हा वाघोटणच्या खाडीच्या मुखाशीं, दक्षिण तीरावर, समुद्रांत शिरलेल्या खडकावर उभा आहे. किल्ल्याच्या उत्तरेकडून खाडी आंत वळते, आणि आंत शिरलेल्या नौकेला बाहेरच्या लाटांचें भय राहत नाहीं. खाडीनें आणखी आंत, गिर्ये गांवाच्या बाजूस, मराठ्यांची जुनी गोदी आहे. कांहीं भाग खडक खोदून व कांहीं भाग कोरडे दगड रचून ती केलेली आहे. इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरानें तिची लांबी ३५५ फूट व रुंदी २२७ फूट दिली आहे. भरतीच्या वेळीं नौका आंत घ्यावी आणि ओहोटीस ती कोरडी पडली कीं तिचा तळ तपासावा, असा तिचा उपयोग. किल्ल्याच्या तटावर उभें राहून आम्हीं भाच्याला तें पाणी दाखविलें आणि म्हटलें, "तुझीं गलबतें इथें."

पाणी स्वच्छ निळें नव्हतें. खाडीचें पाणी तें, गाळानें गढूळलेलें. दोनतीन मचवे नांगरून पडले होते. इ. स. १७५६ च्या फेब्रुवारी महिन्यांत याच ठिकाणीं एका दुपारीं मराठ्यांचें एक सबंध आरमार जळालें. तें तेथें कसें आलें आणि कां जळालें, हें सांगावयाचें तर गोष्ट समुद्रावरून उचलून साताऱ्यास आणावी लागते.

आरमाराचा पाया शिवछत्रपतींनीं घातला हें सर्वांस ठाऊक आहे. पुढें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारास स्वतंत्र प्रकरण मिळालें. सागवान परवानगीनें तोडावा, परंतु आंबा-फणसाच्या झाडांस रयतेच्या राजीखुषीवांचून हात लावूं नये, असा जो इशारा त्यांत आहे तो याच प्रकरणांतला. नौका म्हणजे प्रथम झाड, आणि झाड म्हणजे कोणा तरी कुणब्याचें वर्षानुवर्षांचें पोटचें पोर, एवढी जाणीव त्या राजनीतींत होती. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथानें कान्होजी आंग्र्यास शाहू छत्रपतींच्या बाजूस वळविलें, आणि तेव्हांपासून कोंकणच्या आरमाराची सनद साताऱ्याहून निघूं लागली. राजा सह्याद्रीच्या पूर्वेस, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं. त्याचा सरखेल पश्चिमेस, कुलाब्याच्या पाण्यांत. दोहोंच्या मध्यें घाट.

हा घाट नुसता डोंगराचा नव्हता. सरखेलाच्या अडचणी साताऱ्यास पोंचत त्या कागदावर, आणि पोंचेपर्यंत पुष्कळदां शिळ्या होत. १७२७ सालीं जंजिऱ्याच्या सिद्दीकडील सिद्दी सात यानें चिपळुणाजवळच्या परशुराम क्षेत्रास उपद्रव दिला. तेव्हां तेथील ब्रह्मेंद्रस्वामी कोंकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीस येऊन राहिले. छत्रपति, पेशवे व आंग्रे या तिघांशींहि स्वामींचा पत्रव्यवहार होता. दत्तात्रेय बळवंत पारसनिसांनीं तो छापून काढल्यामुळें आपणांस आज वाचावयास मिळतो. समुद्रावरचें भांडण घाटावरच्या एका संन्याशाच्या मठांत येऊन पडावें, हें चमत्कारिक वाटेल. परंतु त्या काळीं जंजिऱ्याच्या मोहिमेची निकड साताऱ्याच्या दरबारास पटवून देणारा मनुष्य धावडशीस बसलेला होता. १७३३ ची जंजिऱ्याची मोहीमहि पहा. पेशवा, प्रतिनिधि आणि आंग्रे हे तिघेहि तींत होते. रायगड प्रतिनिधीनें घेतला, पण जंजिरा राहिला तो राहिलाच. जमिनीवर किल्ला घेणाऱ्यास समुद्रांतला किल्ला घेण्याचा धीर धरवेना, आणि मोहीम एकाच्या हातांत नव्हती.

कान्होजी १७२९ त वारला. त्याच्या मागें मुलांत भाऊबंदकी माजली आणि १७३५ च्या सुमारास आंग्र्यांचें घर दोन ठिकाणीं वाटलें गेलें. कुलाब्यास मानाजी, विजयदुर्गास संभाजी. संभाजीच्या मृत्यूनंतर त्याचा भाऊ तुळाजी पुढें आला, आणि १७४३ सालीं शाहू छत्रपतींनीं सरखेलीचीं वस्त्रें तुळाजीस दिलीं. तुळाजी हा समुद्रावरचा शूर व हिशेबी मनुष्य. १७५४ त त्यानें तीन डच जहाजांच्या काफिल्यावर घाला घालून दोन जाळलीं व तिसरें पकडलें. परंतु जमिनीवरचे संबंध राखण्याची कला त्याला साधली नाहीं. शेजाऱ्यांच्या मुलखांत स्वाऱ्या, व्यापाऱ्यांस उपसर्ग, पुण्याच्या आज्ञांकडे दुर्लक्ष, असे त्याच्यावरील आरोप सगळेच खोटे नव्हते. इंग्रज त्याला चांचा म्हणत, तो भाग वेगळा. दस्तकावांचून फिरणारें जहाज धरावयाचें ही रीत पोर्तुगीजांनीं या समुद्रावर आंग्र्यांच्या कितीतरी आधीं चालू केली होती. त्यांना मात्र कोणी चांचे म्हणत नाहीं.

शाहू छत्रपति १७४९ च्या डिसेंबरांत वारले. पुढल्याच वर्षीं ताराबाईंनीं रामराजास साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवून ठेविलें. ज्या गादीनें सरखेली दिली ती गादीच किल्ल्यावर नजरकैदेंत, आणि कारभार पुण्यास. अशा स्थितींत तुळाजीनें पुण्यास भीक घातली नाहीं आणि नानासाहेब पेशव्यानें मुंबईच्या इंग्रजांशीं तह केला. १७५५ च्या मार्च महिन्यांत झालेल्या या तहानें समुद्रावरील कारवाईचा ताबा इंग्रजांकडे गेला आणि बाणकोट त्यांस देण्याचें ठरलें. एप्रिलच्या आरंभीं कमोडोर जेम्सनें सुवर्णदुर्ग घेतला. पुढील वर्षीं ॲडमिरल वॉटसन व कर्नल क्लाइव्ह हे दोघे मुंबईहून आरमार घेऊन विजयदुर्गावर आले. घाटाकडून रामाजी महादेवाच्या हाताखालीं पेशव्यांची फौज उतरली होती.

तुळाजी या वेळीं किल्ल्यांत नव्हता. पेशव्यांच्या छावणींत तो तहाचें बोलणें करावयास गेला होता, आणि किल्ला त्याच्या माणसांच्या हवालीं होता. १२ फेब्रुवारीस इंग्रजी जहाजें दोन रांगा करून खाडीच्या मुखांतून आंत शिरलीं आणि किल्ल्यावर व किल्ल्याच्या आडोशास बांधून ठेविलेल्या आरमारावर त्यांनीं मारा चालू केला. तुळाजीच्या आरमारांत ‘रेस्टोरेशन’ नांवाचें एक जहाज होतें. तें मूळचें इंग्रज कंपनीचें, कांहीं वर्षांपूर्वीं त्यानें पकडलेलें. एक पेटता गोळा नेमका त्याच जहाजावर पडला. नौका एकमेकींस खेटून बांधलेल्या, शिडांचे दोर वाळलेले, लांकूड तेल पिऊन राहिलेलें. तेथून आग एकापासून दुसरीस, दुसरीपासून तिसरीस लागत गेली. संध्याकाळपर्यंत गुराबा व गलबतें मिळून सगळें आरमार पेटलें होतें, आणि तें शेवटीं पाण्याच्या कडेपर्यंत जळून तळाशीं गेलें. दुसरे दिवशीं किल्ला पडला.

किल्ल्यांत मिळालेली सुमारें दहा लाखांची लूट इंग्रजांनीं आपसांत वांटून घेतली; तिची वांटणी त्यांनीं मुंबईहून निघण्यापूर्वींच ठरविली होती आणि तींत पेशव्यांच्या लोकांचा हिस्सा धरलेला नव्हता. किल्ला पेशव्यांस परत मिळण्यास आक्टोबर उजाडला. पुढें विजयदुर्गावर आनंदराव धुळपाच्या हाताखालीं पेशव्यांचें आरमार पुन्हा उभें राहिलें, आणि १७८३ सालीं त्यानें ‘रेंजर’ हें इंग्रजी जहाज पकडण्यापर्यंत मजल मारली. तेव्हां १७५६ सालीं मराठ्यांचें आरमार कायमचें संपलें, असें जें सरधोपट म्हटलें जातें तें बरोबर नाहीं. परंतु तीनचार पिढ्यांनीं जमविलेली नौकांची व माणसांची ठेव गेली ती गेलीच.

येथें पुष्कळांचा वाद आहे. कोणी म्हणतात पेशव्यानें स्वतःच्या हातानें मराठी आरमार बुडविलें. कोणी म्हणतात तुळाजीसारख्या उद्दाम सरदारास आवरण्यास दुसरा मार्ग नव्हता. आम्हांस असें वाटतें कीं दोन्ही पक्ष तुळाजीकडे पाहतात, खाडींतल्या नौकांकडे पाहत नाहींत. तुळाजीशीं भांडण खरें होतें. तो सजेस पात्र होता असेंहि धरून चालूं. परंतु त्या नौका तुळाजीच्या नव्हत्या. सरखेली ही राज्याची आणि तींतलें आरमार राज्याचें. सरदार बदलतां आला असता. घाटावर सरदार पुष्कळदां बदलत. पेशव्याच्या हिशेबांत किल्ला होता, मुलूख होता, बाणकोटचा मोबदला होता. बंदरांत बांधलेल्या लांकडाची किंमत त्या हिशेबांत कोठें दिसत नाहीं. घोड्याच्या पागेस आग लावून शत्रूकडून सरदाराचें पारिपत्य करविण्याची कल्पना कोणा घाटावरच्या मुत्सद्द्याला सुचली नसती. नौकांच्या बाबतींत ती सुचली.

याचें कारण आमच्या मतें असें कीं नौका त्यांनीं कधीं पाहिल्याच नव्हत्या. म्हणजे ज्या डोळ्यांनीं घोडें पाहत त्या डोळ्यांनीं पाहिल्या नव्हत्या. आणि हा दोष फक्त अठराव्या शतकांतल्या कारभाऱ्यांचा नाहीं. आमच्या इतिहासाचीं साधनें कोठें सांपडलीं तें पहावें. राजवाड्यांनीं १८९८ त ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो वाईस मिळालेल्या दप्तराच्या आधारें. आणि त्यांतलीं पत्रें १७५० ते १७६१ याच काळांतलीं आहेत. पारसनिसांनीं साताऱ्यास ऐतिहासिक वस्तूंचा व कागदांचा जो मोठा संग्रह उभा केला, तो १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं मिरजेस शाळेंत संस्कृत शिकवितां शिकवितां पटवर्धनी दप्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे भागामागून भाग काढले. वाई, सातारा, मिरज: हीं सगळीं कृष्णाकांठचीं गांवें. या तिघांचे आम्हांवर उपकार एवढे आहेत कीं त्यांच्याविषयीं उणा शब्द आमच्या लेखणींतून निघणार नाहीं. परंतु कृष्णाकांठच्या वाड्यांतल्या पेट्यांत जें सांपडावयाचें तेंच सांपडलें. स्वाऱ्या, वसूल, कर्ज, वांटण्या, लग्नकार्यें, रुसवेफुगवे. पटवर्धनांचें मूळ गांव कोंकणांतलें कोतवडें. पण घाट चढून आल्यावर त्यांच्या कागदांतहि समुद्र ओसरला.

परिणामीं गुराब म्हणजे नक्की काय, हें जाणून घ्यावयाचें झालें तर आम्हांस शत्रूचें पुस्तक उघडावें लागतें. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें सांगितलें म्हणून आम्हांस कळतें कीं गुराबेस दोन किंवा तीन डोलकाठ्या असत, तिचा भार बहुधा तीनशें टनांच्या आंत असे, तळ उथळ असे, आणि पुढचें टोंक लांब निघालेलें असून तेथून तोफा समोर डागतां येत. आणि गलबत हें त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांनीं चालणारें. वारा पडला कीं गलबतांनीं गुराबेस दोरानें ओढून न्यावें, अशी त्यांची जोडी. उथळ तळामुळेंच या नौका खाड्यांत शिरत आणि मोठीं विलायती जहाजें बाहेर हात चोळीत राहत. पण तिच्या फळ्या खिळ्यांनीं ठोकल्या होत्या कीं सुंभानें शिवल्या होत्या, तोफांचें वजन सांवरण्यास तळाशीं कोणता दगड भरला होता, खलाशी काय खात व कशांत शिजवीत, हें घाटावरच्या दप्तरांत शोधून सांपडावयाचें नाहीं. असल्या प्रश्नांचीं उत्तरें बुडालेल्या नौकाच देतात.

त्या कशा देतात तें गोव्याकडे पाहिल्यास कळेल. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनीं गोव्याच्या किनाऱ्यालगत तीन बुडालेल्या जहाजांचे अवशेष शोधले आहेत. मुरगांवजवळच्या सुंची खडकापाशीं पाणी अवघें तीन ते सहा मीटर खोल, पोहणाऱ्याच्या पायाखालचेंच. तेथें सतराव्या शतकाच्या आरंभींच्या एका पोर्तुगीज जहाजाचा माल पसरलेला होता: तोफा, चिनी मातीचीं भांडीं, मोठाले रांजण, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दांत. जहाजाचें नांव कोणी लिहून ठेवलेलें नाहीं. पण पाणघोड्याचा दांत आफ्रिकेवांचून कोठून येणार? आणि चिनी भांडें चीनवांचून कोठून? एका ओंजळभर अवशेषांत दोन खंडांचा व्यापार उभा राहिला. दुसरें जहाज सेंट जॉर्ज खडकापाशीं. त्यांत बासेल मिशनचीं कौलें व भाजलेल्या मातीचा इतर इमारती माल निघाला. आमच्याकडील ज्या जुन्या घरांवर मंगलोरी कौलें आहेत त्यांच्या मालकांना या कौलांची ओळख पटावयास हरकत नाहीं. त्या मिशनचा मंगलोरचा कारखाना १८६५ सालीं निघाला, तेव्हां जहाज त्यानंतर बुडालें हें उघड आहे. तिसरें अमी खडकापाशीं. तेथें वाफेचें यंत्र व बाष्पपात्रें पडलेलीं आहेत. दप्तराचा एकहि कागद न उघडतां एवढें समजलें.

परंतु या तिन्ही ठिकाणीं लांकूड फारसें सांपडत नाहीं, आणि त्याचें कारण ध्यानांत घेण्यासारखें आहे. स्वीडनचें ‘वासा’ हें जहाज १६२८ सालीं स्टॉकहोमच्या बंदरांत बुडालें आणि १९६१ त जवळजवळ अखंड वर आलें, कारण बाल्टिक समुद्राचें पाणी थंड व कमी खारट आणि लांकूड पोखरणारा किडा तेथें जगत नाहीं. आपल्या उबदार, खाऱ्या समुद्रांत तोच किडा उघड्या पडलेल्या फळीची थोड्याच वर्षांत चाळण करतो. जिवंत नौकांनाहि त्याचें भय असे, म्हणून तर तळास चुना व तेल चोपडीत आणि गोदींत घेऊन वरचेवर तपाशीत. मात्र फळी गाळाखालीं पुरली गेली, हवा तिला लागेनाशी झाली, तर ती टिकते. तेव्हां जळक्या नौकांचें कांहीं शिल्लक राहणें असेल तर तें उघड्या खडकावर नव्हे, तर वाघोटणच्या खाडीसारख्या गाळांत. भाचा मालवणच्या स्वच्छ पाण्यांत शोधीत होता. जेथें सगळें दिसतें तेथें कांहीं उरत नाहीं, आणि जेथें उरण्याचा संभव तेथें हातभर अंतरावरचें दिसत नाहीं.

विजयदुर्गास पाण्याखालच्या शोधाचें नांव काढलें कीं लोक एका भिंतीची गोष्ट सांगतात. किल्ल्याच्या पश्चिमेस सुमारें दीडशें मीटरांवर, आठदहा मीटर खोल पाण्यांत, सुमारें १२२ मीटर लांब, सात मीटर रुंद व तीन मीटर उंच अशी दगडांची रांग पाणबुड्यांनीं पाहिली आहे. शत्रूचीं जहाजें तीवर आपटून फुटावीं म्हणून ती बांधली, असें सांगण्यांत येतें. तिच्या काळाविषयीं व ती कोणी रचिली याविषयीं जाणत्यांत मतभेद आहेत, आणि आम्हांस त्यांत पडावयाचें नाहीं. एवढेंच म्हणतों कीं या भिंतीचा अभिमान सांगणाऱ्यांस १७५६ ची गोष्ट सांगावयास सहसा आवडत नाहीं. वॉटसनचीं जहाजें भिंतीवर आपटलीं नाहींत. तीं खाडीच्या दारानें आलीं. २०२४ सालीं साताऱ्याच्या संग्रहालयांत वाघनखें आलीं तेव्हां बायकामुलांसह रांगा लागल्या होत्या. त्या रांगेंत आम्हीहि उभे होतों. विजयाची वस्तु पाहण्यास जशी रांग लागते तशी जळक्या फळीसाठीं लागणार नाहीं. पण म्हणून फळीचें मोल कमी होत नाहीं.

आणखी एक गोष्ट त्याच बंदरांत घडली. १९८५ पासून नौदलाच्या सेवेंत असलेली व २०२४ च्या जानेवारींत निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका २०२५ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन करण्यांत आली. निवतीच्या खडकांजवळ ती मुद्दाम बुडवावी, तिच्या अंगावर प्रवाळ व मासे वस्तीस यावे आणि पाणबुड्यांनीं ती हिंडून पहावी, अशी योजना जाहीर झाली. आणि त्या तयारीसाठीं नौका आणली गेली ती विजयदुर्गास. ज्या पाण्यांत एक आरमार अनिच्छेनें तळाशीं गेलें, त्याच पाण्यांत एक युद्धनौका प्रेक्षणीय रीतीनें बुडण्याची वाट पाहत उभी राहिली. आम्ही या योजनेच्या विरुद्ध नाहीं. उलट तेल व विषारी रंग काढून, दारें-खिडक्या उघड्या ठेवून जें जहाज बुडविलें जातें तें नवशिक्या पाणबुड्यास जुन्या अवशेषांपेक्षां कितीतरी सुरक्षित. नवीन नौकेंत मुलें हिंडलीं तर जुनीला कोणी हात लावणार नाहीं, असाहि एक लाभ होण्याचा संभव आहे. कारण हात लावणारे असतातच. कोणी कौल उचलतो, कोणी बाटली, आणि वस्तु जागची हलली कीं ती फक्त दिवाणखान्यांतली शोभा उरते. ती कोणत्या तोफेशेजारीं, किती गाळाखालीं पडली होती, ही तिची खरी साक्ष नाहींशी होते. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांवरील अशा वस्तु पुराणवस्तु ठरतात व त्या नोंदविल्याशिवाय बाळगणें-विकणें यांवर निर्बंध आहेत. परंतु पाण्याखालीं पोलीस उभा राहत नाहीं.

भाच्याला आम्हीं आणखी एक सांगितलें, आणि तें सांगतांना आमचा आवाज थोडा कडक झाला असावा. किनाऱ्यावरील लोकांस बुडालेलें जहाज म्हणजे मौजेचा विषय नव्हे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. अलिबागेकडच्या घरांत अजून त्या दिवसाचें नांव निघालें कीं म्हातारीं माणसें गप्प होतात. १७५६ च्या त्या दुपारीं जळत्या गुराबांवर कोण होतें, किती जण उड्या टाकून खाडी पोहून गेले, त्यांचीं नांवें वाईच्या कागदांत नाहींत आणि ऑर्मच्या पुस्तकांतहि नाहींत. भंडारी, कोळी, गाबित अशा दर्यावर्दी घरांतले ते लोक असणार.

तुळाजीचें पुढें काय झालें हा प्रश्न भाच्यानें परतीच्या वाटेवर, गगनबावड्याच्या वळणांवर विचारला. तुळाजी पेशव्यांच्या हातीं पडला तो पुन्हा सुटला नाहीं. त्याला या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर हलवीत ठेविलें, आणि कैदेंतच तो वारला. ज्या किल्ल्यांवर त्याला ठेविलें त्यांपैकीं एक साताऱ्याजवळचा वंदन. चंदन-वंदन ही जोडी साताऱ्याच्या उत्तरेस सहज दिसते. लहानपणापासून आम्ही ती पाहत आलों, पण सरखेल आंग्रे तेथें होता हें आम्हांस उतारवयांत कळलें. ज्याला सरखेली साताऱ्याच्या गादीनें दिली, त्याची कोठडीहि साताऱ्याच्याच मुलखांत निघाली.

पाऊस संपल्यावर भाचा सांगलीहून मुद्दाम आला आणि आम्ही दोघे किकलीच्या बाजूनें वंदनावर चढलों. आमचीं गुडघ्यांचीं सांधीं तिसऱ्या वळणापासूनच बोलूं लागलीं होतीं. माथ्यावर गवत कमरेएवढें वाढलेलें. पश्चिमेस वैराटगड, त्याच्या मागें डोंगरामागून डोंगर, आणि त्यांच्याहि पलीकडे ढगांत बुडालेली सह्याद्रीची धार. समुद्र कोणत्या बाजूस, असें भाच्यानें विचारलें. आम्हीं हात केला. तो बराच वेळ तिकडे पाहत उभा राहिला. वाऱ्याला खारटपणाचा वासहि नव्हता. मग खालीं येतांना तो एका तळ्याच्या कांठावर थांबला. हिरवें, शेवाळलेलें पाणी. तळ दिसत नव्हता.

"मामा, हें किती खोल असेल?"

आम्ही म्हटलें, "दगड टाकून पहा." त्यानें दगड टाकला आणि बुडबुडे थांबेपर्यंत वाकून पाहत राहिला.